रुग्णाचा आब

खानदेशातल्या मे महिन्याचे वर्णन इकडच्या माणसाला करून सांगावे लागत नाही. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो आणि वॉर्डाच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या तरी पंख्याखाली गरम वाराच फिरत राहतो. अशाच एका मे महिन्यात अस्थिरोगाच्या स्त्री वॉर्डात, खुब्याचे हाड मोडलेल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी दाखल होत्या. पायाला वजन लावलेले होते आणि शस्त्रक्रियेला अजून चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिकेकडून रुग्णांची माहिती समजून घेताना, मला त्यांची जीभ कोरडी पडलेली आणि ओठ सोललेले दिसले. आदल्या दिवसभरात लघवी एकदाच झाली होती, तीही गडद पिवळी. रात्री त्या काहीशा असंबद्ध बोलत होत्या, अशीही नोंद होती. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली भरलेली तशीच होती. पाणी का घेत नाही, असे विचारले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. मी खाटेजवळ वाकून अहिराणीत पुन्हा विचारले, तेव्हा तोंडावर पदर घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, "माले लाज वाटस, माय."

पाणी प्यायले की बेडपॅन मागावा लागतो, आणि बेडपॅन मागण्यापेक्षा तहानलेले राहणे त्यांनी पत्करले होते. ही वेळ त्यांच्यावर मीच आणली होती. त्या दाखल झाल्या त्या संध्याकाळी, नातेवाइकांच्या भेटीच्या वेळेतच मी त्यांना पॅन दिला होता. चाळीस खाटांच्या त्या वॉर्डात घडीचा पडदा एकच होता, तो दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगसाठी लावलेला होता, आणि तो मोकळा होईपर्यंत थांबण्याइतका धीर मी धरला नाही. लुगडे वर केले, पॅन सरकवला, वरून चादर टाकली आणि पुढच्या खाटेकडे गेले. समोरच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला आलेले गृहस्थ आजींच्या लेकीच्या सासरचे निघाले, हे मला नंतर कळले. ज्या घरात लेक दिली त्या घरच्या माणसापुढे ज्या बाईने उभ्या जन्मात डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, तिला मी सोयऱ्यांसमोर उघडे केले होते. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, सलाईन लावावे लागले, शस्त्रक्रिया आठवडाभर लांबली. तेव्हा नोकरीला मला तीन वर्षे झाली होती. आता सव्वीस झाली आहेत, आणि त्या आजींचा पदराआडचा चेहरा मला अजूनही जसाच्या तसा दिसतो.

आमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत यासाठी 'प्रतिष्ठा' हा शब्द असतो. तो चुकीचा नाही, पण आमच्याकडे घराघरांत बोलला जाणारा शब्द 'आब' असा आहे. माणूस आब राखून असतो, आणि एखाद्या प्रसंगी त्याचा आब जातो. रुग्णालयात आल्यावर तो राखणे माणसाच्या स्वतःच्या हाती फारसे उरत नाही, कारण त्याचे कपडे, त्याची उठण्या-बसण्याची वेळ आणि त्याच्या शरीराच्या सगळ्या गुप्त गोष्टी आमच्या ताब्यात येतात. परिचारिकेचे कामच मुळी माणसाला उघडे करण्याचे आहे. ड्रेसिंग, कॅथेटर, एनिमा, स्पंजिंग, प्रसूतीतली तपासणी, यांतले एकही काम झाकून होत नाही. म्हणून उघडण्याच्या आधी काय केले आणि नंतर काय केले, यावर सगळे अवलंबून असते.

बेडपॅनचेच पाहा. पडदा आधी लावायचा, पॅन नंतर आणायचा. हातात पॅन घेऊन पूर्ण वॉर्डातून चालत गेले की कोणाला कशासाठी हवा आहे ते सगळ्यांना कळते, म्हणून पॅनवर कापड झाकलेले असावे. थंडीत स्टीलचा पॅन बर्फासारखा लागतो, धुळ्याकडची डिसेंबरातली पहाट अनुभवलेल्यांना ते ठाऊक आहे. त्यावर आधी कोमट पाणी फिरवून तो पुसून घ्यायचा. हाड मोडलेल्या रुग्णाला चांगल्या पायाचा गुडघा वाकवून टाच गादीत रोवायला सांगायची, वरच्या दांडीला धरून कंबर उचलायला सांगायची आणि चपटा पॅन चांगल्या बाजूने सरकवायचा. मग हाकेच्या अंतरावर, पण पडद्याबाहेर थांबायचे. त्यानंतरची गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते, ती म्हणजे रुग्णाच्या हातावर पाणी घालणे. जन्मभर हात धुतल्याशिवाय अन्नाला न शिवलेल्या माणसाला आपण तसेच ठेवतो आणि दहा मिनिटांनी त्याच्यापुढे जेवणाचे ताट येते.

पडदा नसेल तर काय करायचे, हा प्रश्न मला नव्या मुली नेहमी विचारतात आणि तो खोटा नाही. दोन सलाईन स्टँडना चादर बांधून आडोसा होतो. वॉर्डातल्या मदतनीस मावशींनी चादरीची दोन टोके धरली तरी होतो. यांतले काहीच जमत नसेल तर आजूबाजूच्या पुरुष नातेवाइकांना पाच मिनिटे बाहेर थांबा, असे स्पष्ट सांगता येते, आणि माझा अनुभव असा आहे की असे सांगितल्यावर कोणीही वाद घालत नाही. उलट ती माणसे स्वतःच ओशाळून उठतात. त्यांनाही तिथे बसून राहायचे नसते, पण उठा असे कोणी सांगितलेले नसते.

स्पंजिंगमध्येही तेच. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी सगळे चादरीखाली; हात झाला की हात झाकायचा, मग छाती, मग पाय. ज्याचे हात चालतात अशा रुग्णाच्या हातात ओला रुमाल देऊन, "हे तुमचे तुम्ही करून घ्या, मी पाठ फिरवून उभी आहे," असे म्हणता येते. एक म्हातारे शेतकरी, लकव्याने उजवी बाजू गेलेली, मी रुमाल पुढे करताच डाव्या हाताने तो ओढून घेत म्हणाले, "मी मनं करसू." त्यांना त्याला बराच वेळ लागला आणि पाणी सांडून चादर बदलावी लागली. पण पाच दिवस भिंतीकडे तोंड करून असलेले हे गृहस्थ त्या दिवसापासून आमच्याशी बोलू लागले, आणि डाव्या हाताने घास घेण्याचा प्रयत्नही त्यांनी आपणहून सुरू केला.

हातावरून सुईचीही गोष्ट सांगते. सलाईनची सुई दिसेल त्या शिरेत घालून मोकळे होण्याची सवय आम्हा सगळ्यांना आहे. उजव्या मनगटाजवळ सुई बसली की त्या माणसाला चारचौघांत डाव्या हाताने जेवावे लागते, आणि आपल्याकडे डाव्या हाताने जेवणे म्हणजे काय, हे परदेशी पुस्तकात सापडणार नाही. डाव्या हाताला सुई असली की शौचाच्या वेळी पंचाईत होते. शिरा चांगल्या असतील तर मनगट आणि कोपर सोडून त्यांच्या मधल्या हातावर सुई घातली तर दोन्ही हात चालतात. "कोणत्या हाताने जेवता, आबा?" हे विचारायला किती वेळ लागतो?

आता नातेवाइकांविषयी, कारण सरकारी असो वा खासगी, आपल्या रुग्णालयांत अंग पुसण्यापासून डायपर बदलण्यापर्यंत निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. "पेशंटजवळ कोण आहे? त्यांना सांगा," हे आमच्या तोंडचे रोजचे वाक्य. पण जवळ कोण आहे हे आम्ही पाहतो का? पारोळ्याकडचे एक सासरे आणि त्यांच्याजवळ थांबलेली सून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मुलगा केळीच्या काढणीवर गेलेला होता. सिस्टरने खाटेजवळून जाता जाता सुनेच्या हातात डायपर दिला आणि बदलून घ्या म्हटले. ती सून सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय चहाही ठेवत नसणार. दोघेही एकमेकांकडे न पाहता गप्प राहिले, आणि तो डायपर तास-दीड तास तसाच उशाशी पडून होता. खाली माणूस ओला. चौकशी केल्यावर सून रडू लागली. अशा वेळी वॉर्डातले मामा किंवा ब्रदर यांना बोलावणे हे आमचे काम आहे, तिचे नव्हे. नाते विचारल्याशिवाय नातेवाइकाला काम सांगू नये, एवढा नियम मी माझ्या वॉर्डात केला आहे आणि तो काटेकोरपणे पाळला जातो.

नावाने हाक मारण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते, तरी "पाच नंबरचे इंजेक्शन राहिले", "तो हर्निया कुठे गेला?" हे थांबत नाही. आमच्या भागात वडीलधाऱ्यांना आबा, नाना, आप्पा, जिभाऊ म्हणतात. बायांना माय, आक्का, जिजी. केस पेपरवर नाव असतेच, त्याला यांतले एखादे जोडले की पुरे. मात्र पन्नाशीच्या बाईला सरसकट आजी म्हणून टाकू नये. घरी कोणत्या नावाने हाक मारतात ते तिलाच विचारावे. आणि लघवी झालेल्या वृद्धाला लहान बाळाशी बोलावे तसे लाडे लाडे बोलणे मला अजिबात सहन होत नाही. बोलणाऱ्याच्या मनात माया असते हे मान्य आहे, पण ज्याने पन्नास वर्षे घर आणि शेत चालवले त्याला ते टोचते.

पडद्याने डोळे अडतात, कान अडत नाहीत. ओव्हर देताना खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आम्ही जे बोलतो ते शेजारच्या तिन्ही खाटांना ऐकू जाते. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा अशी माहिती संमतीशिवाय उघड करण्यास मनाई करतो; तरीही केस पेपरवर लाल अक्षरात खूण करणे, किंवा ऐकू जाईल अशा आवाजात "सांभाळून सुई लावा गं" म्हणणे, हेही उघड करणेच आहे. सुई प्रत्येकच रुग्णाला सांभाळून लावायची असते. गर्भपात, गुप्तरोग, क्षय, मूल न होणे, यांबद्दलची चर्चा मी नर्सिंग स्टेशनवरच करायला लावते. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांच्या वॉर्डात कोण कोणाच्या गावचे निघेल, याचा काही भरवसा नसतो.

शस्त्रक्रियेच्या आधीची तयारी हा वेगळाच विषय आहे. डायथर्मीमुळे, म्हणजे शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे, भाजण्याचा धोका असतो, म्हणून अंगावरचा धातू काढावा लागतो. काचेच्या बांगड्याही अडचणीच्या असतात. हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. पण "बांगड्या फोडून टाक" असे एखाद्या घाईत असलेल्या मुलीने म्हटले की खाटेवरची बाई आणि तिची आई दोघी पांढऱ्याफटक पडतात. आपल्या भाषेने यासाठी 'बांगड्या वाढवणे' हा शब्द उगाच केलेला नाही. मी तिच्याबरोबरच्या सवाष्ण बाईला बोलावते, तिच्या हातून साबण लावून बांगड्या वाढवून घेते आणि मनगटाला हिरव्या दोऱ्याचे दोन वेढे बांधू देते. दोरा धातूचा नाही, भूलतज्ज्ञांची हरकत नसते. मंगळसूत्र, जोडवी, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या पावरा बायांच्या अंगावरची जड चांदी, हे सगळे त्यांच्याच माणसाच्या हाती, दोघांच्या साक्षीने, "पांढऱ्या धातूची कडी दोन" अशी नोंद करून सही किंवा अंगठा घेऊन द्यावे. पिशवीत कोंबलेली चांदी म्हणजे त्या बाईच्या जन्माची कमाई असते.

पुरुषांच्या टोपीचेही असेच आहे. आमच्याकडचा जुना माणूस उघड्या डोक्याने कोणासमोर जात नाही, आणि आम्ही दाखल करताना पहिली टोपीच काढतो. माझ्या वॉर्डात एक नाना होते, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग. त्यांची पांढरी टोपी सलाईन स्टँडच्या रिकाम्या आकड्याला अडकवलेली असे आणि मोठे डॉक्टर राउंडला आले की ते बोटाने खूण करून ती मागून घेत. ते पहाटे गेले. मावशींनी आणि मी मिळून डोळे मिटले, हनुवटी बांधली, नळ्या काढून जागा पुसली, आणि मुलाला आत घेण्याआधी मावशींनी कोणी न सांगता टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मृताला स्वच्छ करून, झाकून मगच घरच्यांना दाखवणे हे शुश्रूषेचेच काम आहे, जरी चार्टवर त्यासाठी रकाना नसतो.

सगळ्यांत अवघड प्रसंग विषबाधेच्या रुग्णाचा. कापसाच्या पट्ट्यात असे रुग्ण किती येतात ते इथल्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. कीटकनाशक त्वचेतूनही अंगात जाते, म्हणून कपडे कापून काढावेच लागतात, अंग धुवावे लागते. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा परिणाम झाला की रुग्ण भ्रमिष्ट होतो, हवेत काहीतरी चिमटीत पकडत राहतो, अंगावरचे ओढून फेकतो, आणि इजा होऊ नये म्हणून हात बांधावे लागतात. हे सारे बहुधा प्रवेशद्वाराजवळच्या खाटेवर, गावाहून आलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर घडते. त्यातच आमच्यापैकी कोणीतरी मोठ्याने विचारते, "का घेतलं? पोरांचा विचार नाही केला?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ११५ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरायला सांगते आणि त्याला शिक्षेऐवजी काळजी व उपचार मिळावेत असे बजावते. आम्ही मात्र त्याला शिक्षा तिथल्या तिथे शब्दांनी देऊन टाकतो. मी शिकवलेल्या मुलींना सांगते की गर्दी बाहेर काढा, कमरेवर चादर टाका आणि ती घसरेल तितक्या वेळा पुन्हा टाका, बांधलेल्या हाताखाली मऊ पट्टी घाला, आणि तो शुद्धीवर आला की पहिले वाक्य "आता बरे वाटेल, मी इथेच आहे" असे असू द्या. जो जगला आहे तो उद्या त्याच गावात परत जाणार आहे.

प्रसूतिगृहाविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तिथे मी फार वर्षे नव्हते. 'लक्ष्य' हा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१७ मध्ये आला, आणि त्यात प्रसूतीच्या टेबलांमध्ये आडोसा असावा व बाईला सोबतीण घेता यावी हे मानांकनाचा भाग झाले. त्याने बराच फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण सातपुड्यातून आलेल्या, मराठी न कळणाऱ्या मुलीवर आवाज चढवला जातो, तो आवाज कार्यक्रमाने उतरत नाही. पावरी किंवा भिली येणारी आशाताई दाराशीच बसलेली असते. तिला आत घ्यावे.

कागदावर सगळे आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, आणि गोपनीयता, मानवी प्रतिष्ठा व खासगीपणा यांचा हक्क त्यांत स्पष्ट लिहिला आहे. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करीत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हेही त्यात येते. याच कागदांत भारतीय परिचर्या परिषदेचा असाही निकष आहे की शैक्षणिक रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. रात्रपाळीला दोघींवर पन्नास रुग्ण सोपवलेल्या वॉर्डातून मी हे लिहीत आहे. म्हणून वेळ लागत नाही असे मी म्हणणार नाही. हाक मारण्याला, विचारण्याला, चादर ओढण्याला वेळ लागत नाही. पण लकवा झालेल्या माणसाला स्वतःचे अंग पुसू देण्याला लागतो, दर दोन तासांनी कूस बदलायला दोन माणसे लागतात, आणि माणसे कमी असली की पहिल्यांदा जे सुटते ते तोंड साफ करणे, केस विंचरणे आणि ओला कपडा लगेच बदलणे. जे सुटते त्याला आम्ही किरकोळ म्हणू लागतो. मनुष्यबळाची मागणी करताना आम्ही औषधे आणि सलाईनची संख्या सांगतो. किती जण किती वेळ ओले पडून राहिले, हेही आम्ही लिहून द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

गेली काही वर्षे प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात एक काम देते. सरावाच्या खोलीत एकीने अंगावरच्या गणवेशासह खाटेवर पडायचे, दुसरीने तिच्याखाली कोरडा बेडपॅन सरकवायचा, आणि पहिलीने पाच मिनिटे तशीच पडून छताकडे पाहायचे. त्यानंतर तिला चमच्याने दोन घास भरवायचे. यंदाच्या तुकडीत शिरपूरकडची एक धीट, हसरी मुलगी होती. मी करते म्हणून ती आपणहून पुढे आली. पॅन सरकवला, वर चादर घातली. खोलीत आम्ही नऊ बायकाच होतो, ती पूर्ण कपड्यांत होती आणि पॅन कोरडा होता. मिनिटभराने तिने मान उचलून विचारले, "मॅडम, दाराला कडी लावली आहे ना?" मी हो म्हटले. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारले.